एक गाभण म्हणजे दोन रिकाम्या

इलारियानं दोरानं धरलेली मादी मान वळवून थेट नराच्या तोंडावर थुंकली. हिरवा, आंबूस फवारा. नर मागे सरला.

“गाभण,” निकासियो म्हणाला. “ही सहावी. बघितलंत ना, मेल्चोरकाका?”

आई जाऊन महिना झाला होता. लोकरीसाठी पाळलेल्या तिच्या अठरा अल्पाका माद्या या दोन भावंडांत वाटायच्या होत्या, आणि वस्तीचा रिवाज होता, एक गाभण म्हणजे दोन रिकाम्या. नर पुढे आणला की रिकामी मादी पाय दुमडून बसते, गाभण थुंकते. बारा बसल्या होत्या.

“गाभण सहा तुला, रिकाम्या बारा मला,” निकासियो म्हणाला. “थोरला असून पडतं घेतोय.”

“तुझं काळीजच मोठं, दादा. आई अंथरुणावर होती तेव्हा मात्र दिसलं नाही कुठं.”

“तोंड आवर.”

पंच म्हणून आलेले मेल्चोरकाका कोकाची पानं चघळत राहिले.

इलारियानं मादीच्या पाठीवरून हात फिरवला. कुशीवर, दोन्ही बाजूंना, लोकरीत तांबडा चिखल वाळला होता. नराचे पुढचे पाय टेकतात तिथंच. उरलेल्या पाचजणींनाही तसाच. इथली माती काळी. तांबडी माती खाली, निकासियोच्या कुंपणात. खरजेचं औषध लावायला म्हणून त्यानं आठवड्यापूर्वी याच सहाजणी खाली नेल्या होत्या आणि काल परत आणल्या होत्या. नर लागलेली मादी, गर्भ राहो न राहो, दहा-बारा दिवस दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही.

तिनं बोटांवरची माती झटकली.

“मान्य. फक्त गाभण सहा दादाला द्या, थोरल्याचा मान म्हणून. मला रिकाम्या चालतील.”

मेल्चोरकाकांचं चघळणं थांबलं. “वाटा तोच पडतो. काय रे?”

“वेडी का तू?” निकासियो म्हणाला. “सहा पिल्लं हातची घालवतेस!”

“घालवत कुठं आहे? तुझ्याच घरी जातायत.”

“पण गाभण जनावरं, एवढ्या उतारावरून...”

“काल तर चढून आली.”

तिनं दोर पुढे केला. निकासियोचे हात अंगावर पांघरलेल्या पोंचोच्या आतच राहिले.

“धर की,” मेल्चोरकाका म्हणाले.