एकेचाळीस पत्रं

डॉक्टर कमील हारग्रोव्ह आमच्या इतिहास विभागातली एकटी काळी प्राध्यापिका आणि मी, व्हर्लीन, तिथली एकटी काळी कारकून. आयोवातल्या त्या गोऱ्या विद्यापीठात मी बावीस वर्षं काढली. तिथे कोणाची वाट लागणार, हे मी फाईल न उघडता सांगू शकते.

कमीलच्या दाराशी काळ्या पोरापोरींची कायम रांग. वसतिगृहात कुणी दारावर घाण लिहून गेलं, चला कमीलकडे. वर्गात गुलामगिरीचा विषय निघाला आणि सगळ्या माना एकट्या काळ्या पोरीकडे वळल्या, चला कमीलकडे. डीनसाहेबांनाही प्रत्येक समितीवर शोभेला तिचाच चेहरा हवा असे. तिचं पुस्तक मात्र पाचव्या प्रकरणाशी अडून बसलेलं.

"पोरी, दार लाव आणि लिहायला बस," मी ओरडायची.

"लावते ना, मिस व्हर्लीन. हिचं रडून झालं की लावते."

सहाव्या वर्षी तिच्या कायम नेमणुकीचा अर्ज गेला. मिळाली तर जन्माची नोकरी, नाही तर वर्षभरात गाशा गुंडाळायचा. त्यासाठी लागणारं पुस्तक छापून झालं नव्हतं. माझ्या जिवाला चैन पडेना. शेवटी मी पोरांना बोलावून दम भरला, "माझा पाउंड केक फुकट चापता ना? मग आता लिहा. तिनं तुमच्यासाठी काय केलं, किती तास दिले, सगळं लिहा. हात आखडता घ्यायचा नाही."

जोनेल नावाच्या पोरीनं लिहिलं, 'वर्षभर दर मंगळवारी मी दोन-दोन तास मॅडमच्या खोलीत बसले, म्हणून शिक्षण सोडून मेम्फिसला परत गेले नाही.' अशी एकेचाळीस पत्रं जमली. मी ती नीट लावून नेमणुकीच्या समितीकडे दिली. म्हटलं, आता कुणाची छाती आहे नाही म्हणायची!

एप्रिलमध्ये निकाल आला. कमीलनं वाचून कागद माझ्यापुढे सरकवला. 'संशोधन अपुरे. प्राध्यापिकांचा वेळ इतरत्र खर्च झाला, हे सोबतच्या एकेचाळीस पत्रांवरूनच स्पष्ट होते.' डीनसाहेबांच्या समित्यांचा उल्लेखही नव्हता.

"हे माझ्यामुळे झालं गं. मीच लिहायला लावलं त्यांना."

"पुस्तक नव्हतंच, मिस व्हर्लीन. पत्रं नसती तरी दुसरं काही शोधलं असतं त्यांनी." ती हसायला गेली, पण जमलं नाही. "पोरांना मात्र हे कळू देऊ नका. माझ्या गळ्याची शपथ."

दुसऱ्या दिवशी जोनेल धापा टाकत आली. नकाराची बातमी तिच्या कानावर गेली होती.

"मिस व्हर्लीन, खरं सांगा, आमची पत्रं वाचली तरी का त्यांनी?"

"एकूण एक वाचली, बाळ."

"मग कमी पडली असणार. अपील करू या. या खेपेला मी शंभर जमवते."

मी निकालाचा कागद हळूच फाईलखाली सरकवला. तिनं वही काढली, माझ्याच टेबलाशी खुर्ची ओढली आणि मंगळवार मोजायला लागली.