उसनी जीभ

मला स्वयंपाक येत नाही. हे मी लाजून सांगत नाही आणि मिरवतही नाही. कुणी डावखुरं असतं, तशी मी ही अशी आहे. आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. लोकांचे कोट शिवले, पडदे शिवले, शाळेचे गणवेश तर इतके शिवले की झोपेतही बाहीची गोलाई काढता येईल. घरातल्यांच्या पोटाचं आधी माझ्या सासूने पाहिलं, मग नवऱ्याने, आणि तो गेला तोवर सूनबाई आली होती.

सूनबाई मात्र पट्टीची स्वयंपाकीण. बसगाड्या दुरुस्त करतात त्या कारखान्याच्या कॅन्टीनची ती मुख्य. माझा मुलगा तिथेच मेकॅनिक. तिच्या हातचं खाऊन खाऊन आपण प्रेमात पडलो, असं तो सांगतो. मी म्हणते, हा पातेल्याच्या प्रेमात पडला आणि त्याच्याबरोबर बाई फुकट मिळाली. यावर ती अजूनही हसते. म्हणजे, हसायची.

कारण अशा बाईला वास येईनासा झाला. साधा ताप आला, चार-सहा दिवसांत उतरला, आणि जाताना नाकातलं सगळं घेऊन गेला. वास गेला तशी चवही गेली. डॉक्टर म्हणाले, काहींचं परत येतं, काहींना वेळ लागतो, काहींचं येत नाही. तिचं कशात मोडतं विचारलं तर त्यांनी खांदे उडवले.

सुरुवातीला आम्ही थट्टाच केली. मी म्हटलं, "चला, आता माझ्या हातचं खाशील तरी." तीही हसली. मग ती गॅसची गोष्ट झाली.

दूध उतू गेलं होतं आणि त्याने बर्नर विझला होता. ती शेजारीच टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती. तिला काही म्हणजे काही कळलं नाही. आमची नात कॉलेजातून आली आणि दारातच किंचाळली. तिला आम्ही मॅडम म्हणतो, कारण घरात हुकूम तिचे चालतात. मॅडमने धावत जाऊन खिडक्या उघडल्या, बटण बंद केलं, आईला ओढत बाहेर काढलं. झालं काहीच नाही. पण सूनबाई जिन्यावर बसून एकच वाक्य बोलत राहिली, "मी तिथेच होते. मी शेजारीच बसले होते."

त्या दिवसापासून ती स्वयंपाकघरात गेली नाही. कॅन्टीनमधून रजा काढली. आमचं जेवण मुलगा आणि मॅडम मिळून कसंबसं करायचे. ती ब्रेडचा तुकडा पाण्याबरोबर ढकलायची आणि म्हणायची, तोंडात ओला कागद फिरवल्यासारखं होतं. मी तिच्या कपड्यांच्या बाजू आत घेतल्या. काही दिवसांनी पुन्हा घेतल्या. आणखी घेतल्या असत्या तर खिसे पाठीवर गेले असते.

एका रविवारी सगळे बसलेलो असताना ती म्हणाली, "उद्या जाऊन सांगून येते. दुसरं कुणीतरी बघा म्हणते."

"रजा आहे ना अजून?" मॅडम म्हणाली.

"रजेने काय होणार? इतक्या माणसांचं जेवण असतं तिथे. करपलं तर मला कळणार नाही, नासलं तर कळणार नाही. माझाच मला भरवसा नाही."

मुलगा खुर्ची मागे सारून उभा राहिला. हा इंजिनाशी तासन्तास बोलतो, पण माणसाशी बोलायची वेळ आली की पाना शोधायला जातो. आताही उठून गेलाच. सूनबाई खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवी झाली.

मला राग आला. कुणावर, ते विचारू नका. मला राग लवकर येतो, आणि आला की हातांना काहीतरी काम लागतं. मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

बटाट्याचं सूप करायचं ठरवलं. आमच्याकडे कुणी आजारी पडलं, कुणी नापास झालं, कुणाचा जीव उगाच उदास झाला की सूनबाई तेच करायची. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर तेच खाल्लं होतं. त्यात बटाटा, कांदा, लोणी, दूध आणि मिरी असते, एवढं मला माहीत होतं. तिच्या पोटात काहीतरी गरम जावं, बस, एवढीच माझी इच्छा होती.

बटाटे सोलले, उकडले. आणि मग मी ते सगळे मिक्सरमध्ये घातले. मशीन हाताशी असताना हाताने टाके घालत बसायचं नाही, हा माझा जन्माचा नियम. वरून दूध ओतलं, झाकण दाबलं आणि चालू केलं. चांगलं एकजीव होऊ दे म्हणून फिरवतच राहिले.

आधी मिक्सर नेहमीसारखा घरघरला. मग त्याचा आवाज जड झाला, चढावर गाडी दमते तसा. आणि मागून ओरडा आला, "आई, बंद करा! बंद करा ते! बटाटा घातलात का मिक्सरमध्ये?"

"मग कशात घालायचा?"

सूनबाई ओट्यापाशी आली, झाकण उघडलं, डाव आत बुडवून वर उचलला. डावाबरोबर पांढरी, चकचकीत, लांबच लांब तार वर आली आणि तुटायचं नाव घेईना.

"आई," ती म्हणाली, "ही खळ झाली."

खळ मला ओळखू येणार नाही तर कुणाला? जन्मभर कॉलर कडक केल्या आहेत. मी बोट लावून पाहिलं आणि म्हटलं, "अगदी उत्तम झाली आहे. सहा शर्ट होतील."

ती हसली. आधी नुसतं नाकातून, मग ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आणि हसता हसता एकदम थांबली, कारण आपण कुठे उभे आहोत ते तिच्या लक्षात आलं. माझ्याही आलं. मी खळीचं भांडं उचलून मोरीत ठेवलं.

पुढे मॅडमने सगळ्यांना सांगितलं की आजीने मुद्दाम केलं, आईला आत आणायला. मुळीच नाही. मला खरंच सूप करायचं होतं, आणि त्याची खरंच माती झाली. एवढी हुशार असते तर सूपच नीट केलं नसतं का?

"बटाटे उरलेत?" तिने विचारलं.

"आहेत थोडे."

"मी दारात उभी राहते. सांगेन तसं करा."

मी कांदा चिरायला घेतला. ती दारातून बघत होती. दोन मिनिटं तिने कळ काढली, मग पुढे येऊन माझ्या हातातली सुरी काढून घेतली. "द्या इकडे, बघवत नाही," म्हणाली. बटाटे तिनेच कापले, अर्धे बारीक आणि अर्धे मोठे. बारीक विरघळून दाटपणा आणतात, मोठे दाताखाली यायला ठेवायचे, असं सांगितलं. पण गॅसपाशी यायचं म्हटल्यावर तिचे हात पुन्हा मागे गेले.

"गॅस माझ्याकडे," मी म्हटलं. "माझं नाक शाबूत आहे. वापर."

मंद आचेवर लोणी वितळलं, कांदा पडला. ती एका बाजूला मान करून ऐकत होती. कांदा ऐकायचा असतो हे मला त्या दिवशी कळलं.

"आवाज उतरला," ती म्हणाली. "त्याच्यातलं पाणी गेलं. आता वास कसा येतोय?"

"कांद्याचा."

"अहो आई, कांद्याचा म्हणजे कसला? डोळ्यांत जातोय की गोड येतोय?"

मी पातेल्यावर वाकले. इतकी वर्षं जगले, पण कांद्याच्या वासाचा एवढा विचार कधी केला नव्हता. "मघाशी बोचत होता," मी म्हटलं. "आता बोचत नाही. गोडसर आहे. थोडा खमंग."

"खमंग म्हणजे कडेने लाल होतोय. बटाटे घाला, पाणी घाला, लगेच."

बटाटे शिजले तसे तिने डावाच्या पाठीने थोडे कडेला दाबून मोडले. दूध घातलं, मिरी घातली, मीठ घातलं. मग माझा हात ओढून तळव्यावर एक थेंब टाकला.

"सांगा."

"छान."

"छान नको. मीठ?"

"हवं आणखी."

"किती?"

"एका टाक्याएवढं."

दुसऱ्या कुणी हे ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, चिमटीत अगदी थोडं मीठ घेतलं आणि टाकलं. पुन्हा थेंब दिला. बरोबर झालं होतं.

आमच्या घरात जेवणाला चांगलं म्हणायची पद्धत नाही. दुसऱ्यांदा वाढून घेतलं की काय ते समजायचं. त्या संध्याकाळी मुलाने वाटी संपवली आणि सवयीने पुढे केली. सूनबाईने डाव उचलला, पण वाढलं नाही.

"नुसती वाटी पुढे करू नकोस," ती म्हणाली. "मला कळत नाही रे आता. मी काय केलंय ते मला सांगा कुणीतरी."

मुलाचा चेहरा लाल झाला. गाडीचं बॉनेट उघडून बघावं तसा तो रिकाम्या वाटीत बघत राहिला. शेवटी म्हणाला, "गरम आहे."

"वा, बाबा!" मॅडम म्हणाली. "केवढं हे कवित्व!"

"थांब गं." तो अजून वाटीतच बघत होता. "दिवसभर पायांत बूट असतात ना, आणि घरी येऊन ते काढले की कसं वाटतं? तसं लागतंय."

कुणीच हसलं नाही. मॅडमसुद्धा हसली नाही. मग तिने आपला चमचा तोंडात घातला, डोळे मिटले आणि सांगितलं, "मम्मी, मिरी आधी कळत नाही. सगळं गेल्यावर घशात येते. आणि मग थोडा वेळ राहते."

सूनबाईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू घे. मी सांगते."

तिने वाटी भरून घेतली. मी तिच्या शेजारी बसले. ती एक घास घेई, मी एक घेई, आणि मी बोलत राही. "हा मोठा तुकडा आहे, आत कोरडा, कडेला लोणी लागलंय त्याला. आता कांदा आला, गोड आहे, ओळखू येत नाही इतका विरघळलाय. सगळं मिळून फ्लॅनेलच्या आतल्या बाजूसारखं आहे बघ, अंगाला लागते ना, ती बाजू." तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती खात होती. मी जन्मात इतकं गोड बोलले नव्हते आणि मला त्याचं काही वाटलंही नाही. ती पोर इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली, आणि मला इतकं बरं वाटलं की माझंच सूप गार झालं.

वाट्या गोळा करताना ती हळूच म्हणाली, "तरी उद्या जाऊन सांगायचंच आहे. घरात तुम्ही आहात. तिथे कोण?"

"मी."

"आई, तुझे गणवेश द्यायचेत ना?" मुलगा म्हणाला.

"मुलं जुने घालतील. नागडी जाणार नाहीत शाळेत."

सकाळी मी मशीन कापडाने झाकलं आणि तिच्याबरोबर निघाले. कॅन्टीनमध्ये मी याआधी कधी गेले नव्हते. लांबलचक स्टीलचे ओटे, ओली फरशी, छतापर्यंत वाफ, आणि मांडीएवढ्या उंचीच्या पातेल्यात भाजीचं सूप रटरटत होतं. काम करणाऱ्या बाया तिला बघून पुढे आल्या आणि मधेच थांबल्या. एकीने मला डोक्यावर घालायला टोपी दिली. ज्यांना सांगायचं होतं त्या साहेबांची खोली समोरच होती, दार उघडं होतं. सूनबाईने एकदा तिकडे पाहिलं, एकदा पातेल्याकडे पाहिलं, आणि पातेल्यापाशी गेली. डाव बुडवला, माझा तळवा धरला, थेंब टाकला.

सगळ्या बघत होत्या. छान म्हणणं अगदी सोपं होतं. बाहेरचं माणूस आहे, म्हातारी आहे, कुणी खोटं म्हटलं नसतं. तिला किती बरं वाटलं असतं.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं. मग तिच्या कानाशी जाणार होते, पण नाही गेले. मोठ्यानेच सांगितलं, "आणि खाली लागायला लागलंय. करपल्याचा वास येतोय."

तिचा रंग उतरला. जे व्हायची तिला भीती होती ते नेमकं पहिल्या थेंबालाच झालं होतं. मला वाटलं, आता ही वळणार आणि त्या दारातून आत जाणार.

ती वाकली आणि गॅस बंद केला.

"बघत काय बसलात?" ती बायांवर ओरडली. "दुसरं पातेलं आणा! वरचं वरचं काढून घ्या, तळाला कुणी डाव लावायचा नाही! अगं, खरवडू नकोस ते, राहू दे खाली!"

हा आवाज मी घरी कधी ऐकला नव्हता. बाया पळाल्या. वाफेत सगळ्या दिसेनाशा झाल्या आणि ती मधे उभी राहून एकेकीला नावानिशी हाका मारत होती. नवं पातेलं चढलं. मीठ पडलं. तिने पुन्हा माझा तळवा धरला. थेंब बरोबर मधोमध पडला.

"आता?"

मी चव घेतली. घाई केली नाही. करपल्याचा वास गेला होता, मीठ जागेवर आलं होतं.

"आता तुझ्या हातचं लागतंय," मी म्हणाले.

तिने मान हलवली, माझा तळवा आपल्या बाहीला पुसला आणि वाढायची खिडकी उघडायला सांगितलं.