पाळकसाहेबांसाठी ठेवलेला चहा

मित्रांनो, लाल अंग, पांढरं टोपण आणि पोटात काच. ओळखलंत ना? मी एक जुना थर्मास आहे. राहतो कोरमंगलाला, तिसऱ्या मजल्यावर, एस्तेरकाकूंकडे.

काकूंच्या लग्नात आहेर म्हणून मी नगरहून आलो. चंद्रकांतकाकांची नोकरी इथल्या कारखान्यात, म्हणून आम्ही तिघं बेंगळुरूत.

तेव्हा काकूंची सकाळ ठरलेली. आधी प्रार्थना, मग चहा. गरम पाण्याने माझं पोट विसळायच्या, मगच चहा ओतायच्या. थंड काचेत चहा टिकत नाही ना! काका विचारायचे, "आज कोण येणारे?"

"मला काय माहीत? प्रभू कुणालाही पाठवेल."

आणि यायचंच कोणीतरी. पोस्टमन, नळवाला, शेजारची रुसलेली सून. शनिवारी आम्ही दवाखान्यात जायचो. काकू आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायच्या, सोबतच्या माणसांना मी चहा द्यायचो. चर्चच्या मंडळीत सगळे मला 'छोटा पाळक' म्हणायचे. मी फुगायचो. काचेला जेवढं फुगता येतं तेवढं.

मग गुडघे दुखायला लागले. काकूंचे. मला गुडघे नाहीत. शनिवार सुटले. सकाळची प्रार्थना 'जरा वेळाने' झाली, मग नुसती रविवारी. मी माळ्यावर. आत कोळ्याने घर केलं. बरा होता बिचारा, पण गप्पा नाहीत.

आणि मागच्या महिन्यात एकदम धावपळ! चर्चचे नवे धर्मगुरू, म्हणजे आमचे पाळकसाहेब, पहिल्यांदा घरी येणार होते. पडदे धुतले, केक भाजला, मलाही खाली काढून घासलं. आलं-वेलचीचा चहा पोटात पडला आणि मला परत तरुण वाटलं.

बेल वाजली. पाळकसाहेब नव्हते. वरच्या पीजीतली श्रीविद्या होती. डोळे सुजलेले, पाठीवर बॅग.

"आंटी, पप्पांना ॲडमिट केलंय. हुबळीला निघालेय. सकाळपासून काही घेतलं नाही... स्वल्प चहा मिळेल?"

काकूंचा हात माझ्या टोपणावर होता. तो तिथेच राहिला.

"हा पाळकसाहेबांसाठी ठेवलाय गं. थांब, तुला दुसरा टाकते."

पातेलं गॅसवर चढलं. तेवढ्यात श्रीविद्याचा फोन वाजला. कॅब खाली आली होती.

"राहू दे आंटी, गाडी चुकेल." गेली पण!

काका हळूच म्हणाले, "एस्तेर, एवढी तयारी केलीस. प्रभूने पाठवलं, तर तू थांब म्हणालीस."

"अहो, टोमणे नंतर मारा, गॅस बंद करा!" काकूंनी मला बगलेत मारलं आणि निघाल्या. लिफ्ट बंद. तसेच जिने! मी हिंदकळतोय, काकू "अगं आई गं" करतायत. गेटपाशी एक टेम्पो आडवा होता, म्हणून कॅब अजून तिथेच. काकूंनी काच वाजवली.

"घे. थर्माससकट ने."

"आंटी, तुमचे पाहुणे?"

"तूच पाहुणी. माझंच चुकलं गं." काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "प्रभू, हिच्या पप्पांना सांभाळ." श्रीविद्या रडली आणि हसली, दोन्ही एकदम.

ड्रायव्हर म्हणाला, "अम्मा, ननगू स्वल्प!" त्यालाही टोपणभर मिळाला.

पुढचं मला नंतर कळलं. पाळकसाहेबांनी केक खाल्ला आणि इकडेतिकडे बघितलं. काका म्हणाले, "चहा हुबळीला गेलाय." सगळी हकीकत ऐकून ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी मला पाणी चालेल!"

मी दवाखान्यात पप्पांच्या उशाशी राहिलो. ते बरे झाले. श्रीविद्या मला परत घेऊन आली, सोबत पेढे. फक्त धुवायला विसरली होती. बूच उघडताच काका खोलीबाहेर पळाले! काकूंनी हसत हसत तांदूळ आणि गरम पाणी घालून मला खळखळ हलवलं.

आता रोज सकाळी प्रार्थना, मग मी. काका परत विचारतात, "आज कोण येणारे?"

मित्रांनो, मला फक्त पाहुण्यांसाठी राखून ठेवू नका. कालचा चहा कितीही चांगला असला तरी आज ओतूनच टाकावा लागतो. मनाचंही तसंच असतं, असं काकू म्हणतात. रोज विसळा, रोज भरा.

थांबा, बेल वाजली. काकूंचा हात माझ्या टोपणावर आहे. आणि बघा, दार उघडायच्या आधीच टोपण उघडलंसुद्धा!