रंग खुलण्याचा सिद्धांत

माझ्या मामाचा एक सिद्धांत होता. नळीतलं रक्त जितकं लालभडक, तितकं ते स्वच्छ धुतलं गेलं. डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या, स्वतःच्याच रक्ताकडे बघत त्याने तो तयार केला होता आणि अख्ख्या वॉर्डाला पटवूनही दिला होता. पटवणं हा त्याचा धंदाच. गाद्यांच्या दुकानात आहे तो. "मी झोप विकतो," असं सगळ्यांना सांगत फिरतो.

त्याची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली तेव्हापासून मशीन त्याचं रक्त बाहेर काढतं, धुतं आणि परत आत सोडतं. सोबत कुणीतरी लागतं. आईचं ऑफिस असतं, म्हणून शाळा सुटली की मी गणवेशातच तिथे पोचते. मला आवडतं तिथे. आधी मी चारचौघांत तोंड उघडायची नाही, आणि आता उघडलं की मिटत नाही. मामा खुर्चीला बांधलेला, म्हणजे श्रोता कुठे पळूनही जाऊ शकत नाही!

"बोला, प्रोफेसरीणबाई," त्या दिवशी तो तोंडातला बर्फाचा खडा गालात सरकवत म्हणाला. पाणी प्यायला बंदी असल्याने तो बर्फ चघळत बसायचा. "आज काय शिकवलं?"

"पेशी सिद्धांत."

"सोपं करून सांग. माझ्या पेशी दहावी नापास आहेत."

मग मी सुरू झाले. एकाने झाडं बघितली आणि म्हणाला, झाडं पेशींची बनलेली असतात. त्याच्या मित्राने प्राणी बघितले आणि म्हणाला, अरे, हेही तसेच! झाला सिद्धांत. पण त्यात एक चूक राहिली. पाकात साखरेचे खडे धरावेत तशा नव्या पेशी आपोआप तयार होतात, असं त्यांना वाटायचं. पुढे लोकांनी पेशी दुभंगताना बघितल्या, तेव्हा कळलं की पेशी फक्त पेशीपासूनच होते.

"म्हणजे ते दोघं चुकले."

"अर्धे. बरोबर होतं ते ठेवलं, चुकलं ते काढून टाकलं. सिद्धांत असाच मोठा होतो."

"मग माझ्या सिद्धांतातलं काय काढणार?"

"अजून तुझ्याविरुद्ध पुरावा नाही. सापडला की सोडणार नाही."

"बघा काकू," मामा शेजारच्या खुर्चीतल्या काकूंना म्हणाला, "भाची आहे की ऑडिटर?"

काकू हसल्या. त्यांच्याही हातातून दोन नळ्या निघून त्यांच्या मशीनमध्ये गेल्या होत्या. तेवढ्यात टेक्निशियन आला. वॉर्ड त्याच्या हुकमावर चालायचा, म्हणून मामा त्याला कॅप्टन म्हणायचा. दोन्ही मशीनखालचे कॅन संपत आले होते. त्याने नवे लावले, आतल्या नळ्या नव्या कॅनमध्ये सोडल्या, झाकणं दाबली. या कॅनमध्ये क्षारांचं दाट पाणी असतं. मशीन ते शुद्ध पाण्यात मिसळतं आणि फिल्टरच्या पातळ पडद्यापलीकडून फिरवतं, म्हणजे रक्तातली घाण तिकडे निघून जाते. हे मला कॅप्टननेच समजावलं होतं.

मामाचं मशीन बीप बीप करायला लागलं.

"कॅन बदलला की हे ओरडतंच," कॅप्टन म्हणाला आणि अंगठ्याने आवाज बंद केला. "मागच्या दुरुस्तीपासून सवयच लागलीय त्याला."

ते खरंही होतं. दर वेळी ओरडायचं आणि थोड्या वेळाने आपलं आपण गप्प व्हायचं. म्हणजे कॅप्टनचाही एक सिद्धांत होता, आणि आजवर तो कधी खोटा ठरला नव्हता. मशीन पुन्हा ओरडलं. त्याने पुन्हा आवाज बंद केला आणि तो वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेला.

"अगंबाई!" थोड्या वेळाने काकू म्हणाल्या. "आज रंग काय खुललाय तुमचा!"

खरंच खुलला होता. एरवी मामाचं रक्त कसं दाट, काळपट लाल दिसायचं. आज नळीत चेरीसारखा रंग चमकत होता.

"या रंगाची चादर दुकानात आली ना, तर हातोहात जाईल," मामा म्हणाला. त्याची कॉलर एकदम ताठ झाली. मलाही आनंद झाला, खोटं कशाला सांगू.

मग त्याने पाठ खुर्चीवर घासली. "पाठ भरून आलीय जरा."

"बसून बसून येते," पलीकडून कॅप्टन ओरडला.

"आणि छातीवर कुणीतरी डबलबेडची गादी टाकलीय."

मी खो खो हसले. हसता हसता मामाकडे बघितलं, तर तो हसत नव्हता. स्वतःच्या विनोदाला सगळ्यांत आधी हसणारा माझा मामा. गालातला बर्फ त्याने थुंकून टाकला होता आणि तोंड उघडं ठेवून तो श्वास घेत होता.

काय करावं ते सुचेना, म्हणून मी नळीकडे बघत राहिले. मशीनवर सूचनांचा एक कागद चिकटवलेला होता, बारीक अक्षरांचा. मी तो वाचायला लागले. दुसऱ्या ओळीला मी थांबले, कारण मी तो नळीतून वाचत होते. रक्ताच्या आरपार!

रक्तातून कधी पलीकडचं दिसत नाही. त्यात पेशींची इतकी गर्दी असते की उजेडाला वाट मिळत नाही. मी गळ्यातलं शाळेचं ओळखपत्र काढून काकूंच्या नळीमागे धरलं. काही दिसलं नाही. मग मामाच्या नळीमागे धरलं, तर लाल रंगात बुडालेली फोटोतली मी माझ्याकडेच बघत होते, दोन वेण्यांसकट.

मग पेशी गेल्या कुठे?

वर्गात ऐकलेलं सगळं एकदम अंगावर चालून आलं. पेशी सारखी तोल सांभाळत असते, आत किती पाणी, बाहेर किती क्षार. झाडाच्या पेशीला बाहेरून भिंत असते. रक्तातल्या पेशीला भिंत नाही, नुसतं पातळ पटल. बाहेरच्या पाण्यातले क्षार कमी झाले की पाणी आत घुसतं. पेशी फुगते, आणखी फुगते, आणि एका क्षणी तिचा इलाज चालत नाही.

रंग खुलला नव्हता. पेशी फुटत होत्या.

मी गुडघ्यांवर बसले आणि मशीनखाली बघितलं. काकूंचा कॅन वीतभर उतरला होता. मामाचा गळ्यापर्यंत तुडुंब होता. झाकणाखाली नळी मुडपली होती, आणि मघापासून मशीन नुसतं पाणीच फिरवत होतं.

"कॅप्टन! मशीन थांबवा!"

"काय झालं आता?"

"याच्या पेशी फुटतायत!"

"अगं, रंग बघ किती छान आहे," तो हात पुसत आला. "तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी ही मशीनं चालवतोय."

"मग एकदा वाका ना! प्लीज. कॅन बघा, आणि मग मला काय बोलायचं ते बोला."

तो वाकला. उठला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. त्याने पंप बंद केला आणि मामाच्या हाताजवळच्या दोन्ही नळ्यांना खट खट चिमटे लावले.

"माझं रक्त," मामा पुटपुटला. नळ्यांमधलं रक्त शेवटी अंगात परत देतात, हे त्याला पाठ होतं. "ते आधी दे परत."

"हे परत देता येत नाही," कॅप्टन म्हणाला. मग तो ओरडला, "स्ट्रेचर!"

काकूंनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मात्र त्यांचा डावा हात सारखा आपल्या नळीवरून फिरत होता.

वरच्या मजल्यावर अतिदक्षता विभाग होता. तिथल्या डॉक्टरबाईंनी मामाच्या रक्ताची एक बारीक परीक्षानळी यंत्रात गरगर फिरवून आणली होती, म्हणजे पेशी तळाला बसतात. वरचं पाणी फिकट पिवळं असायला हवं होतं. ते लाल होतं.

"फुटलेल्या पेशींमधलं पोटॅशियम बाहेर आलंय," त्या म्हणाल्या. "शरीर एरवी ते लघवीवाटे टाकून देतं. यांना ती सोय नाही. इंजेक्शनं दिलीत, पण ती थोडाच वेळ थोपवतील. ही टोकं बघा." पडद्यावर हृदयाची हिरवी रेघ पळत होती आणि ठोक्याठोक्याला तिला उंच, अणकुचीदार टोकं येत होती. "ही खाली यायला हवीत. नाहीतर हृदय थांबेल. पोटॅशियम बाहेर काढायचा एकच मार्ग आहे."

त्यांनी तो मार्ग सांगायच्या आधीच नर्सने तो आत ढकलत आणला होता. दुसरं मशीन.

"नाही," मामा म्हणाला. "पुन्हा नाही. मेलो तरी चालेल."

"वेळ नाही आपल्याकडे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मामाने मान वळवली. त्याचे ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. "प्रोफेसरीणबाई, तू सांग. या मशीनची खात्री आहे तुला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हो म्हणणं किती सोपं होतं! मी खाली वाकून कॅन बघितला, त्यातली नळी बोटांनी चाचपली, मशीनच्या पडद्यावरचा क्षारांचा आकडा डॉक्टरबाईंना वाचून दाखवायला लावला.

"आत्ता सगळं बरोबर आहे. पुढची खात्री नाही देता येत," मी म्हटलं. "मशीन लावलं नाही, तर काय होईल त्याची मात्र आहे."

"तुला काही विकता यायचं नाही," मामा धापा टाकत म्हणाला. "असं बोलून गिऱ्हाईक पळतं."

"पळून दाखव."

तो हसला नाही. पण त्याने हात चादरीवर उताणा ठेवला आणि डोळे मिटून घेतले. नर्सने मला खांद्याला धरून बाहेर काढलं.

आई जिन्याने धावतच आली. ऑफिसची पर्स गळ्यात तिरकी, एका चपलेचा बंद सुटलेला.

"कसा आहे तो?"

"मशीन लावलंय. आत आहे."

"बरा होईल ना गं?"

दाराला काचेची एक चौकट होती. मी तिला कपाळ टेकवलं. डॉक्टरबाईंची पाठ दिसत होती, तिच्यापलीकडे मामाचे तळपाय, आणि वरती पडद्यावर ती हिरवी रेघ. एक टोक आलं. मग दुसरं, तेवढंच उंच.

"त्या रेघेची टोकं खाली यायला हवीत," मी म्हटलं.

आईने माझ्या डोक्याशेजारी आपलं डोकं टेकवलं. तिच्या श्वासाने काच धुरकटली, तशी तिने घाईघाईने पदराने पुसली.

"आली का?"

"अजून नाही."