तीन बोटांची प्लेट

पेडलांच्या त्या जोडीवर जुन्या ओळखीच्या क्लीट्सचा हात होता, म्हणून व्हर्जिल होमन दोन पावलं अलीकडेच थांबला. जुन्या सुट्या भागांच्या त्या बाजारात लिहिलेला नियम एकही नाही; पण ज्याचा हात वस्तूवर, त्याचा हात उठेपर्यंत दुसऱ्याने भाव विचारायचा नाही, हे तिथे सगळेच पाळतात. ओहायोचं मार्चमधलं वारं मैदानातल्या चिखलावरून येत होतं. व्हर्जिलने हात खिशात घातले आणि वाट पाहिली.

क्लच आणि ब्रेक, दोन्ही पेडलं एकाच ब्रॅकेटमध्ये बसवलेली, अडुसष्ट सालच्या प्लिमथ गाडीची. बाकीचं सगळं त्याने हिवाळाभर फिरून जमवलं होतं. चार गतींचा गिअरबॉक्स, त्याच्या दांड्यावरच्या खाचांना जुळणारी क्लच प्लेट, मग फ्लायव्हील, आणि ते पोटात मावेल असं बेल हाउसिंग, म्हणजे घंटेसारखं धातूचं कवच. या कामात एक वस्तू दुसरीशी गोडीत राहते आणि तिसरीशी भांडते. सगळ्यांना एका घरात नांदवायचं, तर घाई करून चालत नाही. आता पेडलंच काय ती राहिली होती.

"कुणासाठी रे?" क्लीट्सने मान न वळवता विचारलं. "तू तर ऑटोमॅटिकवाला झालायस ना?"

"रोझेलासाठी."

 तरुणपणी गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर, गाड्यांच्या शर्यतीत, व्हर्जिलच्या या बायकोने क्लीट्सला उन्हाळाभर हरवलं होतं, आणि ही गोष्ट तो अजून आपणहून लोकांना सांगे. ती तिसरा गिअर टाकते तेव्हा आवाज येत नाही, नुसती तिची गाडी पुढे गेलेली दिसते, असं तो म्हणे. अर्धांगाच्या झटक्यापासून तिचा डावा पाय ओढत चालतो, हेही त्याला ठाऊक होतं.

"दाबेल ती क्लच?"

"माहीत नाही."

क्लीट्सने पेडलांवरचा हात उचलला आणि जाकिटाला पुसला.

"घे. पण पुन्हा हरवलं ना तिने मला, तर शिव्या तू खायच्या."

झटक्यानंतर व्हर्जिलने स्वतःच्याच हाताने त्या प्लिमथमधला गिअरबॉक्स काढून विकला होता आणि क्लच लागत नाही असा ऑटोमॅटिक बसवला होता. एका उजव्या पायावर गाडी चालेल, बायकोला बरं वाटेल, असा त्याचा हिशोब. रोझेलाने गाडीभोवती एक फेरी मारली, "किराणा आणायला बरी आहे," म्हणाली आणि घरात गेली. त्यानंतर ती त्या गाडीत कधी बसली नाही. गाडीवर कापड पडलं ते पडलंच. तिला गाडीत पुन्हा बसलेली पाहायचं, एवढी एकच इच्छा व्हर्जिलने धरून ठेवली होती.

या वर्षी राखेच्या बुधवारी, ईस्टरआधीचे उपवास सुरू होतात त्या दिवशी, त्याने कॉफी सोडली. इतरांसारखी ईस्टरपर्यंत नव्हे. रोझेला स्वतः गाडी गॅरेजबाहेर काढेल तोवर. तिला तो काही बोलला नाही.

रोज सकाळी तो तिला चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला सोडी आणि बाहेर आपल्या पिकअपमध्ये बसून राही. हल्ली तिला निघायला उशीर होई. माणसं पांगली तरी चर्चमधून लाकडावर लाकूड आपटल्याचे दबके आवाज येत राहत. कुणीतरी झाडलोट करत असेल, असं म्हणून तो काच वर करी.

पेडलं मिळाली आणि जुळणी सुरू झाली. बेल हाउसिंग केसभरही तिरकं बसू नये म्हणून त्याने ते चारदा सोडवून पुन्हा लावलं. एकाच ठिकाणी मात्र त्याने जुनं सोडून नवं घेतलं. रोझेलाची मूळची, क्लच दाबून धरणारी प्रेशर प्लेट तीन लोखंडी बोटांची, जड. तिचं पेडल दाबणं म्हणजे कपाट सरकवणं. ती त्याने विकली नव्हती, तेलकट फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली होती. तिच्याऐवजी त्याने पाकळ्यांच्या स्प्रिंगची नवी, नरम प्लेट लावली. हाताच्या तळव्यानेही पेडल खाली जात होतं. हे कुणाला सांगायचं त्याने टाळलं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, पवित्र शनिवारी दुपारी त्याने कापड ओढून काढलं आणि रोझेलाला हाक मारली. मधोमध उभा गिअर लिव्हर पाहून ती क्षणभर दारातच उभी राहिली. मग छताला धरून आत बसली. तिचा डावा पाय उचलून आत घ्यायला तो वाकला, तर तिने त्याला नजरेनेच थांबवलं. पाय सावकाश, पण आपला आपण आत आला.

तिने पेडल दाबलं. ते थेट तळाशी गेलं. व्हर्जिलचा श्वास मोकळा झाला; नाकाशी कॉफीचा वासही आला असावा.

रोझेलाने पेडल सोडलं, डोळे मिटून पुन्हा दाबलं, आमटीतलं मीठ बघावं तसं. किल्लीला तिने हात लावला नाही.

"हे काय घातलंयस?"

"क्लच."

"पाकळ्यांचा."

व्हर्जिल गाडीच्या काचेवरचा एक डाग निरखू लागला.

"इंजिन जोरात फिरायला लागलं की हे पेडल खालीच चिकटून बसतं," ती हळू आवाजात म्हणाली. "मग तिसरा कसा टाकू मी? नवस बोलून? माझी प्लेट कुठाय?"

"फळीवर. पण रोझी, ती जड आहे गं. तुझ्या पायाला..."

"माझ्या पायाला विचारलंस तू?"

ती उतरली. कामाच्या टेबलाचा सगळ्यात खालचा लाकडी खण उघडा राहिला होता, पान्यांनी गच्च भरलेला. दोन्ही हातांनी ढकलावा लागणारा. जाता जाता रोझेलाने तो डाव्या पायाने लोटला. लाकूड लाकडावर आपटलं.

व्हर्जिलने तो आवाज ओळखला.

"सोमवारपासून मला अजून थोडा उशीर होईल," ती म्हणाली. "बाकांखालच्या गुडघे टेकायच्या फळ्या आहेत ना, मिस्सा झाली की मीच उचलते पायाने. पुढच्या आता हलक्या लागतात. मागच्या रांगांतल्या जुन्या ओकच्या आहेत."

त्याने फळीवरून गाठोडं काढलं आणि फडकं सोडलं. तीन बोटं तेलात चमकत होती.

"आणि कॉफी," दारातून ती वळून म्हणाली, "अजून मिळणार नाही."

व्हर्जिल पाठीवर झोपून गाडीखाली सरकला आणि सकाळीच पिळलेला पहिला बोल्ट सैल करायला लागला.