एक्केचाळीस नंबरची बरणी

दारातून चार माणसं आत जाऊ द्यायची आणि पाचवं आलं की हातातल्या घड्याळाचं बटण दाबायचं, एवढंच तिचं काम. मग ते पाचवं माणूस दालनात फिरेल तसं त्याच्या मागे दहा पावलं अंतर ठेवून हिंडायचं, आणि आपण भिंतीवरचा नकाशा वाचतोय असं सोंग आणायचं. कुठल्या बरणीपुढे थांबलं, किती सेकंद थांबलं, नाक मुरडलं का, पाटी वाचली का, सगळं टिपून घ्यायचं. तीन महिने तिने हेच केलं. दारावरच्या पहारेकरी काकांनी पहिल्याच आठवड्यात तिचं नाव घड्याळबाई ठेवलं, आणि ते असं चिकटलं की तिचं खरं नाव विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

दालन वैद्यकीय महाविद्यालयाचं. लांबट, थंड, औषधाच्या उग्र वासाचं. तिथे बासष्ट बरण्या होत्या आणि त्यांत माणसाच्या आतलं काय काय ठेवलेलं: काळी पडलेली फुप्फुसं, खड्यांनी भरलेलं पित्ताशय, एक अख्खा मेंदू. आता महाविद्यालयाला दालनाचा अर्धा भाग मोकळा करून तिथे मोठा पडदा आणि बाकं आणायची होती. म्हणजे निम्म्या बरण्यांना नारळ. पण कुठल्या? डॉक्टर मंडळी म्हणाली, आमच्या सगळ्याच मोलाच्या. संग्रहालयातून लोकांना शिकवण्याचा अभ्यास करणारा विभाग म्हणाला, लोक काय शिकतात ते बघा. महिनाभर नुसती चर्चेची गुऱ्हाळं चालली आणि शेवटी तिसऱ्या विभागाला बोलावलं, गिऱ्हाइकांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या. तिथले सर म्हणजे घड्याळबाईचे मार्गदर्शक. सरांची हयात दुकानातल्या फळ्यांपुढे गेलेली. बिस्किटांच्या कुठल्या पुड्यापाशी गिऱ्हाईक किती रेंगाळतं यावर त्यांचे अकरा लेख छापून आले होते. बिस्किटांवरून माणसाच्या काळजावर यायला त्यांना काही जड गेलं नाही.

"अगं, नजर ती नजर," सर म्हणायचे. "जिथे ती ठरत नाही, ती फळी रिकामी करायची."

सरासरी पाच सेकंदांच्या खाली जी बरणी येईल ती जाणार, असं ठरलं. जाणार म्हणजे कपाटात नाही हो. रुग्णालयाच्या भट्टीत, जळायला.

या कामाचा एक नियम होता आणि तो सरांनी तिच्याकडून पहिल्या दिवशीच घोकून घेतला होता. बघायचं, पण बोलायचं नाही. बोललं की माणूस सावध होतो, वेगळं वागतो, आणि आकडा नासतो. म्हणून तीन महिन्यांत घड्याळबाईने दालनात आलेल्या एकाही माणसाशी शब्द काढला नव्हता. एकदा एका गृहस्थाला मेंदूपुढे भोवळ आली, तर ती पहारेकरी काकांना खुणावत राहिली आणि घड्याळ चालूच.

आणि दर बुधवारी सव्वादहाला ती आजी यायची. करड्या रंगाचा जुना कोट, हातात कापडी पिशवी, पिशवीत छत्री. बाकीच्या एकसष्ट बरण्या तिला दिसायच्याच नाहीत. ती तडक टोकाच्या कोपऱ्यात जायची, आग विझवायच्या लाल नळकांड्याशेजारी, जिथे दिव्याचा उजेडसुद्धा नीट पोचत नव्हता. तिथे एक्केचाळीस नंबरची बरणी होती. तिच्यात मुठीएवढं फिकट हृदय होतं आणि खाली पाटी: 'हृदय. जन्मजात छिद्र. मुलगी, वय सहा.' बाकी लोक तिथवर जातच नसत. गेले तरी त्याहून मोठं, फुगलेलं हृदय शेजारीच होतं, ते बघायचे. आजी मात्र चाळीस मिनिटं उभी राहायची. चाळीस म्हणजे चाळीस. मग जाताना घड्याळबाईकडे बघून मान किंचित लववायची आणि निघून जायची.

ते हृदय तिच्या लेकीचं होतं. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण तुम्ही ते केव्हाच ओळखलं असणार. ओळखलं नाही ते फक्त घड्याळबाईने. ती बघत होती ना, तिला कुठून ओळखणार!

"म्हातारी गारव्याला येत असेल," पहारेकरी काका म्हणाले. "फुकटात बसायला... बसत नाही म्हणा, उभी असते. डोक्यावर परिणाम असेल थोडा."

घरी घड्याळबाई आणि तिची आई, दोघीच. आई शाळेतून निवृत्त झालेली, तिला जगातल्या प्रत्येक माणसाची चौकशी. ती भाजी निवडत म्हणाली, "कोण गं ती? कुठली? एकाच बरणीपुढे का उभी राहते?"

"मला काय माहीत."

"विचार की मग."

"विचारता येत नाही, आई. नियम आहे."

"विचारायला काय पैसे पडतात?" आई म्हणाली. "तीन महिने एका बाईकडे टक लावून बघतेस आणि कशी आहात म्हणत नाहीस. असं शिकवलं होतं का मी तुला?"

"आई, हे संशोधन आहे. शेजारपाजार नाही."

"तेच दिसतंय," आई म्हणाली आणि शेंगांच्या शिरा काढत राहिली.

तीन महिने संपले. तीनशे नोंदी झाल्या. त्यांतल्या सहा त्या आजीच्या, कारण बुधवारी सकाळी गर्दी कमी आणि पाचवं माणूस म्हणून ती सहा वेळा हाती लागलेली. घड्याळबाईने सगळं संगणकावर चढवलं, सरासऱ्या काढल्या आणि कागद घेऊन सरांकडे गेली. सरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे काय? एक्केचाळीस नंबर पहिला? बावन्न सेकंद? मेंदूला एकोणीस आणि या चिमुकल्याला बावन्न?"

"एक आजी येतात, सर. त्यांचे सहा आकडे आहेत. चाळीस-चाळीस मिनिटांचे."

"ते काढले तर?"

"चार."

"मग काढ." सरांनी चष्मा खाली घेतला. "एक बाई अख्खं दालन फिरवतेय. दुकानातसुद्धा असतात असे, उन्हातून आत येतात आणि तुपाच्या डब्यापुढे तास काढतात. त्यांना काय तूप घ्यायचं असतं? टोकाचे आकडे आधी काढायचे, मग बोलायचं. हे मी तुला दुसऱ्या वर्षी शिकवलंय."

शिकवलं होतं, खरंच. आणि सर चुकत नव्हते, हीच यातली वाईट गोष्ट. कुणालाही विचारा, तो हेच सांगेल. घड्याळबाई आपल्या टेबलाशी आली, त्या सहा ओळी तिने निवडल्या आणि बोट बटणावर तसंच ठेवून बसली. तिच्या मनाला काहीतरी टोचलं, नाही असं नाही. येत्या बुधवारी जाऊन विचारावं, एवढंच विचारावं, असं तिला वाटलं. पण अहवाल सोमवारी द्यायचा होता, प्रबंध दोन वर्षं रखडला होता, आणि एका बाईचं उत्तर कुठल्या रकान्यात लिहायचं हेही तिला ठाऊक नव्हतं. तिने बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वारंवार येणारी व्यक्ती, अपवादात्मक.' एक्केचाळीस नंबर बावन्नवरून चारवर आला.

रीतसर सगळं झालं. हटवायच्या एकतीस बरण्यांची यादी महिनाभर कार्यालयाच्या फलकावर लागली होती. कार्यालय तिसऱ्या मजल्यावर. कुणाची हरकत असेल तर लेखी कळवावी, असं खाली लिहिलं होतं. कुणाचीच हरकत आली नाही. आजी त्या महिन्यातही चार बुधवार आली, सव्वादहाला आली आणि तळमजल्यावरून परत गेली.

शुक्रवारी बरण्या गेल्या.

पुढच्या बुधवारी घड्याळबाईला दालनात खरं तर काही काम नव्हतं. नव्या पडद्यासाठी मापं घ्यायची आहेत असं ती स्वतःला सांगत होती. सव्वादहाला आजी आली, कोपऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. फळीवर धूळ नसलेला एक गोल राहिला होता. त्याच्याकडे तिने बराच वेळ बघितलं. घड्याळबाईचा अंगठा सवयीने बटणावर गेला आणि तिची तिलाच शिसारी आली. घड्याळ तिने पर्समध्ये कोंबलं. पण आजीच वळली आणि तिच्याकडे चालत आली.

"बाई, बरं झालं भेटलात," आजी म्हणाली. आवाज अगदी मऊ होता. "तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत."

"माझे?"

"हो ना. इतकी वर्षं येते मी, इथे कधी कुणी घड्याळ घेऊन उभं नसायचं. तुम्ही दिसलात तेव्हा म्हटलं, झालं, आता थांबायलाही नियम केला. आधी मी दोन-दोन तास थांबायचे. तुम्हाला त्रास नको म्हणून चाळीस मिनिटांवर आणलं. पण तुम्ही एकदाही मला हटकलं नाहीत. दुसरी कुणी असती तर हाकललं असतं."

आजीने रिकाम्या फळीकडे बोट केलं.

"पाणी बदलायला नेलीय का बरणी? मागे एकदा नेली होती. पंधरा दिवसांत परत आणली होती हो, बिचाऱ्यांनी."

हो म्हणायला काय लागत होतं? नुसती मान हलवली असती तरी पंधरा दिवस निभावले असते. तिच्या ओठांवर ते आलंही. पण त्याऐवजी तीन महिने गिळलेला प्रश्न बाहेर पडला.

"आजी, कोण होतं ते?"

"माझी धाकटी," आजी म्हणाली. "पाटीवर सहा लिहिलंय. साडेसहाची होती. डॉक्टर म्हणाले, हे आम्हाला द्या, पुढच्या पोरांचे जीव वाचतील आणि ती इथे कायम राहील. आमचे हे नको म्हणत होते. सही मी केली. हे जाईपर्यंत त्यावरून एक शब्द बोलले नाहीत मला, पण इथे पाऊलही टाकलं नाही कधी. मग कुणीतरी यायला नको का?"

घड्याळबाईने सांगून टाकलं. ती बरणी परत येणार नाही. शुक्रवारीच नेली, बाकीच्या तीस बरण्यांबरोबर. कुठे नेली तेही सांगितलं. कुणी ठरवलं ते सांगताना तिने सरांचं नाव घेतलं नाही. "मी ठरवलं," म्हणाली. "लोक किती वेळ थांबतात ते आम्ही मोजत होतो. तिच्यापुढे कुणी थांबत नव्हतं."

आजीने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"मी थांबत होते की," ती म्हणाली. "तुम्ही तर बघत होतात."

"तुमचे आकडे धरले नाहीत, आजी."

"का?"

"फार जास्त होते."

दारापाशी पहारेकरी काका कुणाला तरी छत्री बाहेर ठेवायला सांगत होते. आजीने पुन्हा एकदा त्या फळीकडे बघितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर घड्याळबाईला बरं वाटलं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, आपल्याच हातून काहीतरी बिघडल्यासारखी ती ओशाळली होती.

"जास्त होत होतं, तर सांगायचं ना, बाई," ती म्हणाली. "मी कमी थांबले असते."