विहीणबाईंचा निखळलेला हात

गल्लीत तिला रेडिओमावशी म्हणायचे, आणि ते काही निव्वळ कौतुकानं नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोलण्याचा पगार घेतला आणि निवृत्तीनंतर तेच काम फुकट चालू ठेवलं. "रेडिओ निदान बंद तरी करता येतो," असं मावशीचे यजमान, म्हणजे काका, म्हणायचे. मात्र शेजारच्या खोलीत जाऊन.

त्यामुळे संग्रहालयाच्या बाईंनी मावशीला 'पुतळ्यांच्या रविवारा'त भाग घ्याल का म्हणून विचारलं, तेव्हा काकांना चहाचा ठसकाच लागला.

संग्रहालय म्हणजे जुन्या टपाल कचेरीतल्या चार खोल्या. गावाचा इतिहास तिथं काचेच्या कपाटांत बसून धूळ खात होता, आणि त्याच्याकडे ढुंकूनही कुणी बघत नव्हतं. मागच्या महिन्यातल्या 'जुनी कुलपं ओळखा' या कार्यक्रमाला दोघंच आले होते. त्यातला एक बाथरूम शोधत आलेला. म्हणून बाईंनी ही नवी शक्कल काढली: गावातल्याच माणसांनी जुन्या काळचे कपडे घालून खोल्याखोल्यांत पुतळ्यासारखं बसायचं. हलायचं नाही, हसायचं नाही, बोलायचं नाही. लोकांनी मतं द्यायची, उत्तम पुतळ्याला बक्षीस.

"बोलायचं नाही," बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं, मावशीकडे बघत.

"मला काय, मी मूग गिळून बसेन," मावशी म्हणाली आणि मूग गिळण्यावर बराच वेळ बोलली.

रविवारी तिला टेलिफोनच्या जुन्या बोर्डासमोर बसवलं. शेजारच्या खुर्चीवर दुसरी ऑपरेटर हवी होती, पण माणूस मिळेना. तेव्हा बाईंनी बंद पडलेल्या कापडदुकानातली एक बाहुली उचलून आणली. दोघींना सारखाच निळा कोट, सारखाच खोटा अंबाडा, कानांवर सारखीच यंत्रं. बाहुलीचा उजवा हात खांद्यातून निसटायचा. तो बाईंनी चिकटपट्टीनं बसवून टाकला.

दारं उघडली आणि काय आश्चर्य, माणसं आली! मावशी श्वास रोखून बसली. पहिलंच जोडपं बोर्डापाशी थांबलं.

"ही बघ, काय बसलीय! पापणीसुद्धा लवत नाही," नवरा बाहुलीकडे बोट दाखवून म्हणाला.

"आणि ही?" बायकोनं मावशीला न्याहाळलं. "ही दुकानातली असणार. नाक बघ ना, घाईत चिकटवल्यासारखं."

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जीभ दाताखाली धरून ती बसून राहिली. येणारा प्रत्येक जण बाहुलीला वाखाणत होता. एका आजोबांनी तर तिला वाकून नमस्कारही केला.

आणि मग दारातून विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे मावशीच्या लेकीच्या सासूबाई. स्वभावानं गरीब, नजरेनं अधू, आणि चष्मा लावला की म्हातारी दिसते म्हणून तो कायम पर्समध्ये. लग्न ठरल्यापासून त्यांनी मावशीसमोर एकही वाक्य पुरं केलेलं नव्हतं. मधेच मावशी घुसायची. आज मात्र त्या नटूनथटून, मान ताठ करून आल्या आणि बोर्डासमोर उभ्या राहिल्या. अर्थात बाहुलीसमोर.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "आज तुम्हाला बोलता येणार नाही. आज मी बोलणार."

आणि त्या बोलल्या! धरणाचं दार उघडावं तसं. गुडघ्याचं दुखणं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. सून गुणाची आहे म्हणाल्या, फक्त बोलायला आईवर गेलीय. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि तुम्ही मला विणून दिलेला तो स्वेटर ना, तो मी आमच्या कुत्र्याला घातला. राग मानू नका. त्याला अगदी मापात बसतो हो."

मावशीचे कान लाल झाले. तो स्वेटर तिनं आख्खा हिवाळा विणला होता! शब्द ओठांपर्यंत आला, तो तिनं कडू औषधासारखा गिळला.

मन मोकळं झाल्यावर विहीणबाईंना भरून आलं. "पण काहीही म्हणा, तुम्ही आला नाहीत तर घर सुनं सुनं वाटतं," असं म्हणत त्यांनी बाहुलीचा हात प्रेमानं हातात घेतला आणि ओढला.

चर्र! हात त्यांच्याच हातात राहिला.

"अगं बाई गं!" विहीणबाई किंचाळल्या. "विहीणबाईंचा हात निखळला! डॉक्टर बोलवा! मी नाही हो काही केलं!"

आता मात्र मावशीला राहवेना. खुर्चीवरून उठून ती गरजली, "अहो, माझे दोन्ही हात जागेवर आहेत!"

पुतळा उठून बोलतोय म्हटल्यावर विहीणबाईंची बोबडी वळली. हातातला हातच उगारून त्यांनी मावशीच्या अंबाड्यावर एक ठेवून दिली. अंबाडा उडून बाकावर टेकलेल्या मघाच्या आजोबांच्या मांडीवर पडला. मागच्या गर्दीतून टाळ्यांचा कडकडाट. नाटकच वाटलं सगळ्यांना. "वन्स मोअर!"

बाई धावत आल्या. ओरडतील असं मावशीला वाटलं, पण त्या कानाशी लागल्या, "मावशी, बाहेर रांग लागलीय. पुन्हा कराल का?"

दोघींनी ते चार वेळा केलं. प्रत्येक खेळाला विहीणबाईंचं भाषण लांबत गेलं, आणि मावशीला शेवटचं एकच वाक्य. तिसऱ्या खेळात त्यांनी मावशीच्या स्वयंपाकावरही तोंडसुख घेतलं. मावशी आतल्या आत चरफडली, पण चौथ्या वेळी खुर्चीवर बसल्या बसल्याच तिला हसू फुटलं, आणि त्यासाठी तिची मतं कापली गेली.

बक्षीस बाहुलीला मिळालं.

"परीक्षकांना डोळे नाहीत," मावशी जिन्यात फणफणली.

"मतं लोकांनी दिली हो," विहीणबाई म्हणाल्या. "आणि मीही तिलाच दिलं. ऐकून घेते बिचारी."

मावशीनं तोंड उघडलं. मग मिटलं, आणि विहीणबाईंना पायरी दिसत नव्हती म्हणून त्यांचा दंड धरला.

"बरं," ती म्हणाली, "गुडघ्याचं पुढं काय झालं?"